बाबांची पाठ

आजारावर औषध निघेपर्यंत मृण्मयीच्या बाबांना शीतनिद्रा केंद्रात झोपवलं होतं. त्यांची गाडीही तिथल्याच तळघरात होती. औषध निघालं, तशी ती त्यांना न्यायला आली.

व्यवस्थापक बर्व्यांनी कौतुकाने आधी गाडीच दाखवली. "बॅटरी चार्ज ठेवली. टायर एका जागी दबू नयेत म्हणून दर आठवड्याला गाडी पुढे-मागे केली."

वरच्या मजल्यावर बाबांना उठवलं, तर त्यांच्या पाठीवर खोल जखमा.

"यांना कधीच कुशीवर वळवलं नाही?"

"मॅडम, करारात तसं कलम नव्हतं."

"माणूस वळवायला कलम लागतं?" बाबांना पालथं झोपवून तिने शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याची शीतनिद्रेची पेटी उघडली.

"या इकडे, हात लावा," ती बर्व्यांवर ओरडली. "सगळ्यांना वळवायचंय."