पोपटशेटची कुपी

"हात लावू नका कुणी. आधी दाजी वास घेईल," गुणाजी पाटील म्हणाला, आणि ओट्यावरची माणसं मागं सरली.

मधोमध पाटावर बोटाएवढी काचेची कुपी होती. तिच्यामागं उकिडवा बसला होता सहदेव, काल सांजेला कल्याणहून पायी आलेला अत्तरवाला. वीसबाविशीचा, अंगानं काटकुळा, बोलायला गोड. गुणाजी कळव्याचा पोलीस पाटील. माघात त्याच्या पोरीचं लग्न होतं आणि सासरची माणसं ठाण्याची, नाकं मुरडण्यात तरबेज. त्यांच्या अंगाला नकली अत्तर लावलं असतं, तर मांडवातच शोभा झाली असती.

"गुलाब आहे," सहदेव म्हणाला. "पोपटशेटचा. त्यांच्या शेवटच्या डब्यातला."

मागं सरलेली माणसं पुन्हा पुढं सरकली.

ठाण्या-कल्याणात अत्तर म्हटलं की पोपटशेटच. आगगाडी सुरू होऊन तीस वर्षं झाली, तरी तो गडी तिच्यात कधी बसला नाही. कुप्या हादरतात, म्हणायचा. डबा डोक्यावर घेऊन चालत जायचा आणि जन्मात त्याच्या हातून एक कुपी फुटली नव्हती. तीन वर्षांमागं असाच ठाण्याला निघाला. कळव्यालगतच्या पारसिकच्या डोंगराखाली शेवटचा दिसला. ना माणूस सापडला, ना डबा. त्याच्या नावावर तेल विकणारे मात्र कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले.

"डबा गावलाच नाय, मंग कुपी कुठून आली रे?" पाटलाची आई ठमाबाई आतून ओरडली.

"आली हाताला, आजी. जास्त विचारू नका."

"नि अजून खपली नाय?"

"माजिवड्याला दाखवली, शिळेला दाखवली. सगळे खरी म्हणाले. पण हवं ते गिऱ्हाईक काही भेटलं नाही."

"मेला गिऱ्हाईक बघतोय का बायको?"

सगळे हसले. दाजी हसला नाही.

दाजी मिठागरवाला. त्याच्या नाकाची कीर्ती अशी, की चिमूटभर मीठ हुंगून ते कोणत्या खाचरातलं हे तो सांगे. पोतं भरणारा त्या दिवशी काय जेवला होता तेही सांगे, असं खुद्द जेवणारेच शपथेवर सांगत. हिंग, केशर, तूप, काहीही असो, त्याच्या नाकाखालून गेल्याशिवाय गावात खपत नसे. माल नकली निघाला, तर विकणाऱ्याला मिठागराच्या चिखलात उभं करत. गेल्या शिमग्याला एक हिंगवाला भरतीचं पाणी हनुवटीला लागेपर्यंत उभा होता. बाहेर काढला, पण त्यानंतर तो कुणाशी धड बोलला नाही म्हणतात.

असल्या नाकाला एकच वास सोसत नसे. अलीकडं लग्नात गुलाबदाणी फिरायला लागली, की दाजी उपरणं तोंडावर दाबून मांडवाबाहेर जाई. उष्णता, म्हणायचा.

आताही तो अर्धवट वाकला आणि तसाच मागं झाला.

"खोटं. हाकला याला."

"हुंगलंत कुठं तुम्ही?" सहदेवनं विचारलं.

"लांबून कळतं मला."

पाटलानं मान हलवली. "दाजी, पहाटे मी ही दवात ठेवलेली. तुपासारखं गोठलं. मुठीत धरलं तर पातळ झालं. खरा गुलाब असाच गोठतो, तूच शिकवलंस."

"खोबरेलपण गोठतं."

"मग कागदावर बघू."

पाटलानं कोरा कागद आणवला, त्यावर थेंब टाकला आणि उन्हात धरला. तेल असतं तर डाग राहिला असता. माणसं माना उंचावून बघत राहिली. थेंब आटला, उडाला. कागद जसा होता तसा कोरा.

"गुलाब असंल," दाजी म्हणाला. "पोपटशेटचा नाय."

ठमाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. कुपी उचलून तिनं खोल श्वास घेतला. "थोरल्या नातीच्या लग्नात हाच होता. हाच! दाजी, तुझं नाक म्हातारं झालं रे."

आता सगळा ओटा खदखदला. कुणीतरी मागून म्हणालं, "उद्यापासून हिंग ठमाबाईला दाखवा!"

सहदेव उठला. त्यानं धोतराचा काचा वर खोचला. "खोटं ठरवा, मी आपल्या पायानं चिखलात उतरतो. भरती चढून ओसरेपर्यंत उभा राहतो. पण खरं ठरलं, तर दाजींनी चार माणसांत म्हणायचं, माझं नाक गेलं."

"पोरा, भरती डोक्यावरून जाते," पाटील हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे."

पौषातली सकाळ, माणसं घोंगड्या पांघरून बसलेली, आणि दाजीच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. उघड्या कुपीचा वास ओट्यावर भरला होता, दाराच्या आत शिरला होता. दाजीनं उपरणं चाचपलं. ते खांद्यावर नव्हतं.

"नाकासाठी एवढा भीत असशील तर नाक कापून मीठ लावून ठेव," ठमाबाई म्हणाली.

सहदेवनं कुपी उचलून थेट त्याच्या नाकाशी धरली. "घ्या ना, दाजी. ओळखीचा आहे का बघा."

दाजीनं त्याचा हात फटकारला. "मला शिकवतोस? तुझ्या बापाला शिकव! त्या डब्यात गुलाबाची एकच कुपी होती, आणि ती फुटली!"

गुणाजी पाटलाच्या हातातला कागद खाली पडला.

सहदेवनं कुपीला बूच लावलं, सावकाश, घट्ट.

"एकच होती. माझ्या बापाच्या डब्यात मीच ठेवली होती. ही घरी उरलेली," तो म्हणाला. "कुठं फुटली, दाजी?"