एका ओळीचा तपशील

गिझरचा शॉक बसलेल्या एका गिऱ्हाइकाने सगळ्यांच्या वतीने कंपनीवर दावा लावला आणि तोच गिझर घेतलेली, टेलरकाकांसह तेवीसशे माणसं आपोआप त्या दाव्यात धरली गेली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या. फॉर्म भरला की भरपाई घरपोच. नुकसानीच्या तपशिलाला एकच ओळ होती. काकांनी 'पत्नी' लिहिलं, ओळ बरीच उरली, तरी पुढे काही मावेना. त्यांनी वकिलाकडे फोन लावला. "आमची ही गेली शॉकने. दाव्यातून बाहेर पडायचंय." "पडा की," तिथली मुलगी म्हणाली, "पण एकट्याने लढावं लागेल, काका. कंपनीचे वकील उलटतपासणीत पिसं काढतील, हाती भोपळा येईल." "काय विचारतील?" "सगळंच. काकू कधी उठायच्या, कशा वागायच्या, त्या सकाळी काय बोलल्या. दिवसभर पिडतील." वर्षभरात काकूंबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. "दिवसभर?" काकांनी खुर्ची ओढून घेतली. "तारीख कधी मिळेल, बाळ?"