जाळीतलं प्लॅटिनम

महापालिकेच्या रेहानाने शशिकलाबाईंच्या घराच्या सांडपाण्याच्या नळ्यांतून दोन्ही जाळ्या काढून मोजणीयंत्रावर ठेवल्या. खाणी बंद झाल्यापासून जाळीवरचे जीवाणू प्रत्येक घराच्या सांडपाण्यातून धातू वेचत आणि महापालिका ते महिन्याला गोळा करून नेई.

"तांबं, जस्त, भांड्यांची थोडी चांदी... आणि प्लॅटिनम! बाई, अंगठी घासून घासून झिजवलीत की काय?"

"जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. प्लॅटिनमची अंगठी कुठून येणार गं?" शशिकलाबाई हसल्या. "पुन्हा मोज बघू."

आकडा तोच आला. बाईंनी चष्मा लावला.

"कुठल्या जाळीत आहे? मोरीच्या?"

"नाही, संडासाच्या."

म्हणजे ते कुणाच्या तरी शरीरातून आलं होतं. प्लॅटिनम शरीरात जायची एकच वाट बाईंना ठाऊक होती. कर्करोगाच्या एका औषधात ते असतं आणि ते औषध सलाइनमधून देतात. घरात माणसं दोनच होती, आणि त्यांनी स्वतः तर काही घेतलं नव्हतं.

बाईंचे यजमान मनोहरपंत महिनाभर दर गुरुवारी सांगलीहून मिरजेला बुद्धिबळ खेळायला जात होते. परत आले की न जेवताच आडवे होत आणि विचारलं तर "हरलो" एवढंच सांगत.

पुढच्या गुरुवारी ते निघाले, तेव्हा बाई पेजेचा डबा आणि चादर घेऊन दारात उभ्या होत्या.

"तू कुठे?"

"मिरजेला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला दर वेळी कोण हरवतंय, ते मलाही बघू दे."