नवऱ्याच्या नावावरचा नंबर

“ही घे पिन, नि काड तेका भायर,” म्हणत गंगुबाईने अंबाड्यातली पिन उपसून लेकीपुढे धरली.

एवढ्या वैतागातही मनवाला हसू फुटलं. “पिनेचं काम नाही गं आई. ई-सिम आहे हे. यात उपसायला चिप नसतेच. कंपनीने नंबर फोनच्या आतच उतरवलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन पुसायचा, बस.”

“म्हंजे हातात कायच येवचा नाय?” गंगुबाई हिरमुसली. नंबर बाहेर निघाला की तो बत्त्याखाली घालून चांगला कुटायचा, असा बाईचा बेत होता. तोही फसला.

नंबर वापरायची मनवा, पण होता नवऱ्याच्या नावावर. भांडण झालं की प्रफुल्ल कंपनीला फोन लावून तो बंद करून टाकायचा. माफी मागितली की चालू. काय तो रुबाब! गंगुबाईला परळच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं तेव्हाही असाच बंद पडलेला, आणि आई आजारी आहे हे लेकीला कळलं दुसऱ्या दिवशी. त्यानंतर मनवा बॅग भरून डिलाईल रोडला आईकडे आली, ती आलीच.

पण घाई तिने केली नाही. आधी स्वतःच्या नावावर दुसरं सिम घेतलं. बँकेत, आधारला, गॅसला नवा नंबर लावला, व्हॉट्सॲप हलवलं, ओटीपी नव्यावर येतात की नाही तेही बघून घेतलं. जुना एकदा पुसला की कंपनीकडे मागितल्याशिवाय परत मिळत नाही, आणि कंपनी विचारणार प्रफुल्लला. म्हणून त्याच्या हातात एकही दोरी ठेवायची नव्हती. आता शेवटचं बटण तेवढं उरलं होतं, आणि नेमके तिथेच आनंदाकाका आडवे आले.

आनंदाकाका म्हणजे गंगुबाईचे धाकटे दीर. भाऊ गेल्यापासून या घरात शब्द त्यांचा. मनवाला तो शब्द हवा होता. उद्या प्रफुल्ल दारात येऊन उभा राहिला, तर घरातलं कोणीतरी आपल्या बाजूने बोलायला नको?

“वायच दम खा गो,” काका म्हणाले. “जावय माणूस तो. आज नंबर काडशीत, उद्या मंगळसूत्र काडशीत.”

“उद्याचं उद्या बघू काका.”

तेवढ्यात फोन वाजला. प्रफुल्लच. मनवाने सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर लावला.

“काय गं, नंबर काढतेय म्हणून मेसेज टाकतेस? स्वतःला समजतेस कोण? माझ्या नावावर आहे तो!”

“म्हणून तर काढतेय. तुझं तुला लखलाभ.”

“काढून दाखव ना! रडत येशील परत. आणि त्या म्हातारीचं काय ऐकतेस? तिला काय अक्कल आहे? काकांना विचार. पुरुष माणूस आहे, त्यांना कळतं.”

फोन कट झाला. काका खाली लादीकडे बघत राहिले. गंगुबाईचं तोंड लालबुंद झालं होतं. ती तरातरा आत गेली, नारळ घेऊन आली आणि देव्हाऱ्यासमोर ठेवला.

“भावजी, गाराणा घाला.”

या घरात नवा फ्रिज आला तरी गाऱ्हाणं, कोणाचं ऑपरेशन असलं तरी गाऱ्हाणं. काकांनी खड्या आवाजात देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. घालणारा पुरुषच. बायकांनी नुसता होकार भरायचा, अशी कोकणातून आलेली रीत.

“असल्या कामाक गाराणा घालतत काय वैनी?” काका चिडले. “देव काय म्हणतलो?”

“ता मी तेकाच इचारतय.”

आणि गंगुबाईने पदर खोचला. पदर खोचून देवासमोर उभी राहिलेली आई मनवाने जन्मात पाहिली नव्हती.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान जा काय करुक घेतल्यान हा, ता पार पाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मनवा पुटपुटली. काकांनी तोंड फिरवलं.

“जो कोण ह्येका अक्कल शिकवता, तेका आदी तू वायच अक्कल दी रे म्हाराजा!”

काकांचे ओठ हलले. त्यांनी ते घट्ट मिटून घेतले.

“नि ह्या फोनात जी पीडा रिगली हा, तिका बारा वाटांनी भायर काड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आवाज खणखणीत होता, सगळ्या गॅलरीत घुमला, आणि तो काकांचा होता. भाऊ गाऱ्हाणं घालायचा तेव्हा वर्षानुवर्षं हेच म्हणत आलेला माणूस, तोंडातून निघून गेलं. ते चपापले. वहिनीकडे बघितलं, देवाकडे बघितलं. आता शब्द मागे कसा घ्यायचा?

“दाब गो बाय,” ते शेवटी म्हणाले. “देवाक व्हय म्हटलंय मी.”

मनवाने फोन त्यांच्यापुढे धरला. आत एकच नंबर होता, तिचा स्वतःचा. आईच्या पहिल्याच ‘म्हाराजा’ला तिने बटण दाबून टाकलं होतं.