पहिला रावस

नामपूरचे भिकनराव व्याह्यांच्या होडीतून पहिल्यांदाच डहाणूच्या समुद्रात आले होते. त्यांचा हर्षल सासऱ्यांकडून गळ टाकायला शिकत होता. कांदे काढायला अर्धा तास न टिकणारं पोरगं सकाळपासून उन्हात बसून सासऱ्यांचा शब्दन्‌शब्द झेलत होतं. भिकनरावांच्या पोटात कालवत होतं. दोष मात्र ते लाटांना देत होते.

इतक्यात दोरीला हिसका बसला. हर्षलनं चमचमता रावस वर ओढला आणि माशावरची नजर न हटवता ओरडला, "बाबा, हे बघा!"

"जा पाव्हणं," भिकनराव तोंड फिरवून म्हणाले, "आता बाबा पण तुमीच."

व्याही जागचे हलले नाहीत.

"तुम्हालाच बोलावतोय तो," ते हळूच म्हणाले. "चार वर्षं झाली लग्नाला, मला अजून काकाच म्हणतो."