कोतवाल बुकातलं मरण

सोमाजींनी भिंग कागदावर धरलं. समोर उमाजी आणि त्याची नात दामिनी बसली होती. दोघं पोंभुर्ण्याहून सकाळच्या एसटीनं आली होती. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, मोडीतली नक्कल दामिनीनं तहसीलमधून काढली होती, आणि मूल गावात मोडी वाचणारे आता सोमाजी एकटेच उरले होते.

"अक्षर लय घाईचं हाय. नेमकं काय पाहाचं?"

"माह्या आज्याचं मरण," उमाजी म्हणाला. "पत्रू नाव. मासोळीच्या वाट्यावरून लटारूनं त्याले काठीनं मारलं म्हणते. माह्या बापानं मरता मरता मले तेच सांगतलं."

"अन् मले त्याच लटारूच्या घरी लगन कराचं हाय," दामिनी मध्येच बोलली. "त्याच्या खापरपणतूसंगं, कुलदीपसंगं. कुलदीपची आजी, बायनाबाई, तयार हाय. भर जवानीत विधवा झाली बिचारी, तरी कोणाबद्दल मनात कडू नाई. हे आबाजीच अडून बसले."

उमाजीनं कागदाकडे बोट केलं.

सोमाजी अक्षर जुळवत, अडखळत वाचू लागले. "पत्रू वल्द बुधा, म्हंजे बुधाचा पोरगा. उमर तीस. मरणाचं कारण..." भिंग मागेपुढे झालं. "पटकी. म्हंजे कॉलरा."

"पुना पाहा," उमाजी म्हणाला.

"पटकीच हाय, भाऊ. या पानावर अकरा मरणं हायेत, सारी पटकीची. अन् पत्रूची खबर देणारा कोण, तर लटारू! चार दिवसांनी त्याचंही नाव हाय. पत्रूच्या उशाशी बसला असन, त्यालेही लागली."

दामिनीचे डोळे भरून आले. "ऐकलं ना, आबाजी? शंभर वर्षं त्यायच्याशी उगाच बोललो नाई आपण." ती कुलदीपला फोन करायला अंगणात पळाली.

 

सोमाजींनी कागदाची घडी करून उमाजीच्या हातात दिली. "आता काऊन तोंड पाडता, भाऊ? दोन घरांत रक्त सांडलंच नाई. द्या पोरगी खुशाल."

अंगणात दामिनी मोठ्यानं हसली. उमाजीनं दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"बापाले बदल्याचं वचन देल्लं होतं, भाऊ. बायनाबाईचा नवरा, लटारूचा नातू, तलावात बुडून मेला, असं सारं गाव समजते. त्याले मी पाण्यात दाबून धरलं होतं."