पहिला पेढा

थोरल्या दिराचं तोंड गुटख्यानं आवळत गेलं, शेवटी त्यात चमचाही शिरेना झाला, तेव्हा दीक्षानं नवऱ्याला धारेवर धरलं. तिची स्वतःची साखरही तीनशेला भिडलेली. प्रसेनजीत छातीवर हात मारून म्हणाला, "तू गोड सोड, मी गुटखा सोडतो की! शब्द हाय माझा."

दीक्षानं शब्द पाळला. बुद्धपौर्णिमेची खीर स्वतः रांधली, पण बोटाला लागलेलीही चाटली नाही. पहाटे उठून रंकाळ्यावर चालायची. तो कागलला कंपनीत निघाला की गुटख्याऐवजी चघळायला बडीशेपेची पुडी आठवणीनं त्याच्या खिशात सारायची. अलीकडं त्याचं जेवणही तिकडंच, कॅन्टीनला व्हायचं.

वर्षानं राजारामपुरीतल्या लॅबचा रिपोर्ट नॉर्मल आला. प्रसेनजीत पेढ्यांचा बॉक्स घेऊनच घरात शिरला. "खा की आज एक! जिंकलीस बघ."

"आधी तुम्ही. तुमची साथ हुती म्हणून जमलं," म्हणत तिनं अख्खा पेढा त्याच्या तोंडाशी नेला.



त्यानं आ करायला पाहिलं, पण पेढा दातांवरच अडला.